टाकीतल्या झाडांना गॅस कशाला लागतो?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, ओतकामासाठी वाळूचे गाभे बनवतात त्या कोअर शॉपजवळ उभं राहिलं की थोड्या थोड्या वेळानं ‘फस्स’ असा आवाज येतो. सोडियम सिलिकेट कालवलेली वाळू साच्यात दाबलेली असते. तिच्यात नळीनं कार्बन डायऑक्साइड सोडला की काही सेकंदांत ती ओली वाळू दगडासारखी घट्ट होते. आमच्या गल्लीतल्या एका मामांचं अर्धं आयुष्य त्या नळीशी गेलंय. माझ्या हॉलमधल्या माशांच्या टाकीखाली तसलंच लहानसं सिलिंडर दिसल्यावर ते म्हणाले, “आम्ही यानं वाळू कडक करतो. तू काय पाणी कडक करालायस?”

चेष्टा होती, खरं प्रश्न चुकीचा नव्हता. माशांना हवा लागते, म्हणून टाकीत हवेचा पंप असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग जो वायू आपण नाकावाटे बाहेर टाकतो, तोच विकत आणून पाण्यात का सोडायचा?

झाड मातीतून वाढतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वाळलेल्या पानाच्या वजनातला चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग निव्वळ कार्बन असतो आणि तो मातीतून येत नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. जमिनीवरच्या झाडाला याची फिकीर नसते, कारण वारा दर क्षणाला नवी हवा पानापाशी आणून सोडतो. पाण्यात बुडालेल्या झाडाचं तसं नाही.

इथं बहुतेक जण सांगतात की पाण्यात हा वायू फारच कमी असतो. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. आकडे मांडल्यावर वेगळंच दिसलं. लिटरभर हवेत साधारण पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. उघड्यावर ठेवलेल्या लिटरभर पाण्यात, पंचवीस अंशांच्या आसपास, सहा दशांश मिलिग्रॅम. म्हणजे जवळपास तेवढाच! फरक साठ्यात नाही, चालीत आहे. हा वायू हवेत जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो.

देवघरात उदबत्ती लावली की वास स्वयंपाकघरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तेच निवांत ठेवलेल्या बादलीत निळीचा थेंब टाकून बघा. धाग्यासारखा खाली उतरतो आणि मग तिथंच रेंगाळतो. टाकीतल्या पानाभोवती असाच स्थिर पाण्याचा पातळ थर चिकटून असतो. लाईट लागली की पान त्या थरातला कार्बन बघता बघता खाऊन टाकतं आणि पुढचा घास यायची वाट बघत बसतं. बाहेरच्या पाण्यात वायू आहे, पण तो पानापर्यंत पोचत नाही.

यावर उपाय दोनच. एक म्हणजे पाणी हलतं ठेवायचं, म्हणजे तो थर पातळ होतो. दुसरा म्हणजे बाहेरच्या पाण्यात वायूचं प्रमाण इतकं वाढवायचं की हळू का होईना, पुरेसा आत झिरपेल. गॅस सोडण्याचा सगळा खटाटोप या दुसऱ्या उपायासाठी असतो. पहिला उपाय फुकट आहे आणि लोक तोच विसरतात. फिल्टरचं तोंड काचेकडे आणि झाडं कोपऱ्यात कोंडलेली, अशा टाकीत कितीही गॅस सोडा, कोपऱ्यातल्या झाडाला काही मिळत नाही.

मग नदी-ओढ्यातल्या झाडांचं कसं भागतं? खानापूरकडच्या ओढ्यांतून पाण्याखाली हिरवीगार झाडं दिसतात, तिथं कुणी सिलिंडर लावलेलं नसतं. पण त्या ओढ्यांत जमिनीतून झिरपून आलेलं पाणी असतं. मातीतली मुळं आणि जिवाणू सतत श्वास घेत असतात, त्यामुळं जमिनीखालच्या पाण्यात हा वायू उघड्यावर ठेवलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त मुरलेला असतो. पाहिजे तर घरी पडताळून बघता येतं. बोअरचं पाणी ताजं काढून त्याचा पीएच मोजा (पाणी जितकं आम्ल, तितका हा आकडा कमी, आणि हा वायू पाणी आम्ल करतो), मग तेच पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी परत मोजा. पीएच वर चढलेला असतो, कारण जास्तीचा वायू उडून गेलेला असतो. वर ओढ्याचं पाणी वाहतं, म्हणजे आपले दोन्ही उपाय निसर्गानं आधीच करून ठेवलेत.

टाकीतही थोडा वायू आपोआप तयार होतो. मासे सोडतात, तळातल्या मातीत कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून येतो. गॅस न लावलेल्या टाकीत सकाळी लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम सहज असतो. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, मॉस ही सावलीतली, सावकाश वाढणारी मंडळी एवढ्यावर आनंदात राहतात. अशीच झाडं लावायची असतील तर सिलिंडरच्या नादी लागू नका. हे मी मनापासून सांगतोय, पहिल्या वर्षी तर नकोच.

व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला यांची गंमत आणखी निराळी. पाण्यात विरघळलेला वायू संपला की ती बायकार्बोनेट फोडून त्यातला कार्बन काढून घेतात. बायकार्बोनेट म्हणजे जड पाण्यात क्षारांबरोबर असणारा कार्बन. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत हायड्रिलाच्या पानावरून बोट फिरवलं तर कधीकधी खरखरीत पांढरा थर लागतो. तो चुन्याचा थर. झाडानं कार्बन काढून घेतला आणि उरलेला चुना पानावरच बसला. रोटाला, मॉस असल्यांना ही युक्ती जमत नाही.

दुकानातून आणलेली झाडं पंधरा दिवसांत गळायला लागतात, ही तक्रारही इथंच सुटते. बहुतेक नर्सऱ्या ही झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, कारण तिथं कार्बन फुकट आणि मुबलक. आपण घेतो ती जाड, हवेवर पोसलेली पानं. पाण्यात बुडवल्यावर ती निकामी होतात आणि झाडाला पाण्यातली नवी, पातळ पानं काढावी लागतात. तोवर साठवलेल्या शिदोरीवर जगायचं. गॅस असेल तर हा बदल लवकर होतो, नसेल तर झाड रडतखडत तगतं किंवा कुजतं. शेताच्या बांधावरची जलब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी, आणून टाकीत लावली तरी हेच होतं. जुनी पानं सोडून द्यायची, शेंड्याकडं लक्ष ठेवायचं.

आता प्रकाशाकडे वळू, कारण माझ्या मते नवशिक्यांच्या निम्म्या टाक्या तिथं बिघडतात.

चुलीचे तीन दगड धरा. एक प्रकाश, दुसरा कार्बन, तिसरा खत. तिन्ही एका उंचीचे असले की पातेलं नीट बसतं. आपण काय करतो? ऑनलाइन बघून झगझगीत एलईडी आणतो, दहा-दहा तास लावतो आणि कार्बन आहे तेवढाच ठेवतो. एक दगड उंच, बाकीचे ठेंगणे. झाडाला वाढ म्हणून हाक मारायची आणि वाढायला सामान द्यायचं नाही. झाड अडतं आणि ती जागा शेवाळ घेतं. पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखे जे झुपके येतात, ज्याला टाकीवाले ब्लॅक ब्रश म्हणतात, ते दिसायला काळं असलं तरी जातीनं लाल शेवाळ आहे. गॅस कमी-जास्त होणाऱ्या टाकीत ते हमखास ठाण मांडतं.

म्हणून कुणी मला विचारलं, “शेवाळ आलंय, गॅस लावू काय?” तर मी आधी विचारतो, लाईट किती तास? सहा तासांवर आणा, उंच टांगा, पंधरा दिवस थांबा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. लाईट वाढवायचीच असेल, तळभर हिरवळ हवी असेल, लाल रोटाला खरोखर लाल दिसायला हवा असेल, तेव्हा मात्र गॅसला पर्याय नाही.

हा वायू मिळवायचे रस्ते तीन. सगळ्यांत स्वस्त यीस्ट. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत दोनशे ग्रॅम साखर, कोमट पाणी, अर्धा चमचा बेकरीचं यीस्ट. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. चिकोडी-रायबागकडं उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढतात, तीच ही क्रिया, फक्त बाटलीएवढी. सगळी साखर खाल्ली गेली तर दोनशे ग्रॅममधून शंभरेक ग्रॅम वायू मिळतो, दोन-तीन आठवडे पुरतो. साखरेऐवजी गूळही चालतो, फेस मात्र जास्त येतो. तो फेस नळीतून टाकीत जाऊ नये म्हणून मध्ये पाण्याची एक रिकामटेकडी बाटली जोडतात.

यीस्टची खोड अशी की त्याला नळ नाही. रात्री झाडांना नको असतानाही ते चालूच. बेळगावच्या डिसेंबरच्या थंडीत सुस्तावतं आणि एप्रिलमध्ये भट्टीसारखं पेटतं. आज दहा बुडबुडे, उद्या चाळीस. म्हणजे शेवाळाला जसं पाहिजे तसं. शिवाय नळी कुठं तुंबली तर बाटली फुगून फुटते. एकदा माझी फुटली. टाकीमागची भिंत आठवडाभर आंबट दारूसारखी वास मारत होती. घरात विडी-सिगारेट कुणाला माहीत नाही आणि आलेल्या पाहुण्यांची नजर अशी, की सांगायला नको.

दुसरा रस्ता सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा. दोन बाटल्या, वर झाकणाला व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज असलेला तयार संच मिळतो. याला नळ आहे, त्यामुळं रात्री बंद करता येतो. लहान टाकीसाठी, शिकण्यासाठी मला हा बरा वाटतो. दोनशे ग्रॅम सोड्यातून पुन्हा शंभरेक ग्रॅम वायू. मात्र संच दाबावर चालतो, म्हणून पाण्याच्या जुन्या बाटल्या वापरू नका. सोड्याच्या, कोल्ड्रिंकच्या जाड बाटल्याच घ्या.

बाजारात ‘लिक्विड कार्बन’ म्हणून जे विकतात, ते मी या तिघांत धरलेलं नाही. त्यातल्या बऱ्याचशा बाटल्यांत ग्लुटारल्डिहाइड असतं. दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात, ते. शेवाळ मारायला त्याचा उपयोग होतो, म्हणून झाडं तरतरीत दिसतात, पण ते गॅसची जागा घेत नाही. व्हॅलिस्नेरिया आणि मॉस त्यानं वितळतात, आणि हातमोज्याशिवाय हाताळू नये.

तिसरा रस्ता सिलिंडर. इथं बेळगावकरांचं नशीब चांगलं. कोअर शॉप आणि वेल्डिंगची वर्कशॉप इतकी, की हा गॅस भरून देणारे इथं शोधावे लागत नाहीत. पुण्या-मुंबईतले लोक ज्यासाठी फिरतात, ते आपल्याला “एष्टु केजी री?” (किती किलो?) या एका प्रश्नात मिळतं. दोन किलो म्हणायचं, बस्स.

सिलिंडरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं चूक परवडत नाही.

आत वायू नसतो, बहुतांशी द्रव असतो. स्वयंपाकाच्या गॅससारखंच. वीस अंशाला आतला दाब साधारण सत्तावन्न बार, म्हणजे मोटारीच्या टायरच्या पंचवीस-तीसपट. आत द्रवाचा एक थेंब असेपर्यंत दाब तेवढाच राहतो, म्हणून गेजकडं बघून गॅस किती उरला ते कळत नाही. गेज खाली यायला लागलं म्हणजे द्रव संपला, आता काही दिवसांचाच सोबती. स्वयंपाकाचं सिलिंडर आपण हलवून बघतो, हे काट्यावर ठेवायचं. रिकाम्या सिलिंडरचं वजन मानेवर ठोकलेलं असतं, ते वजा करायचं. शेवटच्या दिवसांत आणखी एक धोका असतो. साध्या रेग्युलेटरमध्ये आतला दाब उतरताना बाहेर जाणारा दाब वाढतो आणि उरलासुरला गॅस भसाभस टाकीत जातो. म्हणून गेज हललं की सिलिंडर भरायला न्यायचं, अगदी शेवटपर्यंत ओढायचं नाही.

एकतीस अंशांवर या वायूचं वागणं बदलतं. त्याच्या वर कितीही दाबलं तरी द्रव राहत नाही आणि दाब तापमानाबरोबर झपाट्यानं चढतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीच्या पुढं जातो. म्हणून सिलिंडर गळ्यापर्यंत भरत नाहीत, जागा सोडतात. ‘जरा जास्त घाला की’ असं भरणाऱ्याला म्हणू नका. उन्हात, गॅलरीत, गाडीच्या डिकीत ठेवू नका. उभंच ठेवा, आडवं केलं तर रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबावर तपासणी व्हावी लागते, त्याची तारीख कोरलेली असते. ती वाचूनच सिलिंडर विकत घ्या. भंगारातून आग विझवायचं जुनं यंत्र आणून जोडायचा उद्योगही चालतो. त्याच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, जी वायूऐवजी द्रव वर फेकते. ती तशीच ठेवून रेग्युलेटर लावणं म्हणजे आफत. मोठ्या सिलिंडरमधून घरी छोट्यात भरायचं तर नावही काढू नका.

गळती साबणाच्या फेसानं तपासायची, सायकलचं पंक्चर बघतो तशी. दहा बाय दहाच्या बंद खोलीत दोन किलोचं सिलिंडर पूर्ण गळलं तर हवेत या वायूचं प्रमाण चार टक्क्यांच्या जवळ जातं. एवढ्यानं डोकं ठणकतं, धाप लागते. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्यानं खाली साचतो. जमिनीवर अंथरूण घालून झोपायच्या खोलीत सिलिंडर नको.

सिलिंडरपासून टाकीपर्यंत काय काय लागतं, ते दुकानदार सांगतोच. दाब उतरवणारा रेग्युलेटर, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, बारीक नियंत्रणासाठी नीडल व्हॉल्व्ह, बुडबुडे मोजायला बबल काउंटर, शेवटी बारीक बुडबुडे काढणारा डिफ्यूझर. आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून एक चेक व्हॉल्व्ह, ज्याची किंमत सगळ्यांत कमी आणि जो नसेल तर सगळ्यांत महाग पडतो.

आता मूळ प्रश्न. किती सोडायचा?

गोटी सोडा आठवा. हा वायू दाबून पाण्यात कोंबलेला असतो, गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि वायू फसफसत बाहेर पडतो. अशा सोड्यात लिटरमागं काही ग्रॅम वायू असतो. टाकीत आपल्याला लिटरमागं वीस ते तीस मिलिग्रॅम हवा असतो, काही ग्रॅम नाही, मिलिग्रॅम. दोन फुटी टाकीत माती-दगड वजा जाता साठेक लिटर पाणी राहतं. तीस मिलिग्रॅमच्या हिशेबानं सगळ्या टाकीत मिळून पावणेदोन-दोन ग्रॅम, म्हणजे सोड्याच्या एखाद-दुसऱ्या बाटलीतल्याएवढा. मग दिवसभर सोडावा का लागतो? कारण सोडा जसा उघडा ठेवला की उतरतो, तशी टाकीही पृष्ठभागावरून सतत उतरत असते. आपण भोक असलेल्या घागरीत पाणी घालतोय.

म्हणूनच “सेकंदाला किती बुडबुडे?” या प्रश्नाला नेमकं उत्तर नाही. तुमच्या काउंटरचा बुडबुडा माझ्यापेक्षा मोठा असेल, तुमच्या फिल्टरनं पाणी जास्त ढवळत असेल. दोन सेकंदांना एका बुडबुड्यापासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. बुडबुडे मोजा ते रोज सारखे राहतात का हे बघायला. पाण्यात वायू किती झाला, हे त्यावरून कळत नाही.

ते कळायला पीएच आणि केएच यांची जोडी लागते. हा वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनतो, म्हणून पीएच उतरतो. केएच म्हणजे त्या आम्लाला थोपवणारे बायकार्बोनेट. सूत्र असं: लिटरमधले मिलिग्रॅम = ३ × केएच × १० चा घात (७ वजा पीएच). आमच्याकडं नळाला राकसकोप जलाशयाचं पाणी येतं, त्याचा केएच मी मोजला तर ३ भरला. या पाण्यात पीएच ६.५ ला आला की वायू २८ मिलिग्रॅमच्या आसपास. शेजारच्या बोअरचा केएच १२. तिथं तेवढाच वायू असेल तर पीएच ७.१ दिसतो. म्हणजे मित्रानं सांगितलं की ‘माझा पीएच साडेसहा आहे, तूही तेवढाच कर’ आणि तुम्ही बोअरच्या पाण्यात साडेसहापर्यंत आणायला गेलात, तर वायू शंभराच्या पुढं गेलेला असेल आणि मासे मेलेले असतील.

या सूत्रात एक खोट आहे. टाकीत लाकूड असेल, सुकी पानं असतील, तर त्यांच्या आम्लानंही पीएच उतरतो आणि हिशेब खोटा पडतो. म्हणून ड्रॉप चेकर. टाकीच्या आत चिकटवायची काचेची इवली कुपी, तिच्यात टाकीचं पाणी नाही, आपण बनवलेलं ४ केएचचं पाणी. मध्ये हवेचा पापुद्रा, त्यातून फक्त वायू आत जातो, लाकडाचं आम्ल जात नाही. पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन-तीन थेंब. निळा म्हणजे वायू कमी, पोपटी-हिरवा म्हणजे तीसच्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त.

ते ४ केएचचं पाणी दुकानात मिळतं, पण घरीही होतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर घ्या आणि त्यात १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. धुण्याचा सोडा नव्हे. यातलं १०० मिलिलिटर घेऊन डिस्टिल्ड वॉटरनंच परत एक लिटर करा. झालं ४ केएच. असा दोन टप्प्यांचा द्राविडी प्राणायाम एवढ्यासाठी, की ०.१२ ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. मी पहिल्यांदा ओळखीच्या सराफाकडं सोड्याची पुडी घेऊन गेलो होतो. त्यानं आधी पुडीचा वास घेतला, मग वजन केलं.

चेकरची एक सवय लक्षात ठेवा. त्याचा रंग दोन-तीन तास मागून चालतो. आत्ता हिरवा दिसतोय तो मघाचा हिरवा आहे. म्हणून रंगाआधी मासे बघायचे.

माशांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: गॅस सोडला की ऑक्सिजन कमी होतो. तसं होत नाही, पाण्यात दोन्ही स्वतंत्रपणे विरघळतात. अडचण वेगळी आहे. मासा कल्ल्यांतून रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडतो. पाण्यातच तो जास्त झाला की बाहेर टाकता येत नाही, रक्त आम्ल होत जातं आणि अशा रक्ताला ऑक्सिजन धरता येत नाही. म्हणून पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. कल्ले भराभर हलतात, मासे वर येऊन तोंड उघडतात, झिंगे वर चढायला बघतात. असं दिसलं की गॅस बंद, हवेचा पंप चालू, निम्मं पाणी बदला.

हे मी पुस्तकी सांगत नाही. वळिवाचे दिवस होते, सलग तीन दिवस दुपारी वीज गेली, दररोज अडीच-तीन तास. माझी टाकीची लाईट इन्व्हर्टरवर, आणि गॅसचा टायमर साध्या प्लगवर, चाकाचा, टिकटिकणारा. सोलेनॉइड वीज गेली की बंद होतो, म्हणून मी निर्धास्त. टायमरचं घड्याळही वीज गेली की थांबतं, हे डोक्यातच आलं नाही. तीन दिवसांत ते आठ तास मागं पडलं. सकाळी अकराला सुरू होऊन सहाला बंद व्हायचा गॅस आता संध्याकाळी सातला सुरू होत होता, नेमका लाईट बंद व्हायच्या वेळेला. अंधारात झाडं कार्बन खात नाहीत, उलट माशांसारखीच श्वास घेऊन आणखी सोडतात. रात्री साडेअकराला आई पाणी प्यायला उठली आणि तिनं हाक मारली, “अरे, मासे वर येऊन तोंड उघडालेत बघ की!” चेकर पिवळाधमक. चार निऑन मासे गेले. चूक सगळी माझी.

तेव्हापासून बॅटरीवर घड्याळ चालणारा डिजिटल टायमर आहे. गॅस लाईटच्या दीड-दोन तास आधी सुरू, म्हणजे लाईट लागेपर्यंत पाणी तयार असतं, आणि लाईट बंद व्हायच्या तासभर आधी बंद. वीज जाऊन आली की टायमर एकदा डोळ्यांनी बघायचा, हा घरातल्या सगळ्यांना घालून दिलेला नियम आहे. आई पाळते, मी विसरतो.

परवा मामा परत आले होते. दुपारी तीनची वेळ, लाईट लागून दोन तास झालेले. रोटालाच्या प्रत्येक पानावर बारीक चकचकीत बुडबुडे, आणि मधूनच एखादा सुटून मण्यासारखा वर जात होता.

“तुझा गॅस फुकट चाललाय बघ,” मामा म्हणाले.

तो माझा गॅस नव्हे, ऑक्सिजन आहे, मी सांगितलं. झाडानं कार्बन ठेवून घेतला आणि ऑक्सिजन बाहेर टाकला. पाण्यात आणखी मावेना म्हणून पानावरच बुडबुडे धरलेत.

मामा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “तीस वर्षं फुंकला हाच गॅस. आमच्या वाळूतनं एक बुडबुडा कधी आला नाही.”

“वाळूला पानं कुठं असतात, मामा?”